चार सेकंदांचे तीनशे फोन

दार उघडलं ते दातांत स्क्रू-ड्रायव्हर धरलेल्या एका माणसाने.

"बरं झालं आलात!" तो तसाच, दातांमधून म्हणाला. "ही वायर धरा जरा. घट्ट हं... सोडू नका—"

आणि तिच्या हातात एक करडी वायर कोंबून तो टेबलाखाली गडपसुद्धा झाला.

आता खरं म्हणजे तिने तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं, की मी टेलिफोन एक्स्चेंजमधून आले आहे आणि तुमच्या लाइनची चौकशी करायची आहे. ओळखपत्र पर्समध्ये होतं, फाइल काखेत होती. पण चोरच जर हाताला धरून घरात घेत असेल, तर नको कशाला म्हणायचं? ती वायर धरून मुकाट उभी राहिली आणि तिचे डोळे कामाला लागले.

तिचं कामच ते होतं. एक्स्चेंजच्या दुसऱ्या मजल्यावर बसून ती संशयास्पद लाइनी हुडकून काढायची. कुणी घरगुती लाइनवरून अख्ख्या गल्लीला परदेशी बोलू देतंय, कुणी शेजाऱ्याच्या तारेला गुपचूप आपली तार जोडलीय... तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. घरी तिला सगळे 'शंका'च म्हणत. "हिला प्रत्यक्ष देव भेटला तरी ही आधी ओळखपत्र मागेल," असं वहिनी म्हणायची. त्यावर सगळे हसायचे, आई मात्र नुसता सुस्कारा सोडायची. कारण ही सवय काही जन्मजात नव्हती. दोन वर्षांपूर्वी शंकाचं लग्न ठरलं होतं. होणाऱ्या नवऱ्याच्या वाढदिवसाला गंमत म्हणून तिने त्याच्या ऑफिसात फोन केला, तर पलीकडची बाई म्हणाली, "या नावाचं इथे कुणी नाही. कधीच नव्हतं."

लग्न मोडलं ते मोडलंच. पण तेव्हापासून कुणी 'आज मंगळवार आहे' म्हटलं तरी तिची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जायची.

आणि ही लाइन तर तिच्या साहेबांनाही खटकली होती. पंधरा दिवसांत तीनशे बारा फोन. सगळे एकाच नंबरला. प्रत्येक फोन चार सेकंदांचा, ना एक कमी ना एक जास्त. "हे खुणेचे फोन असणार," साहेब म्हणाले होते. "पाणी कुठेतरी मुरतंय. जा, स्वतः बघून ये."

ती बघत होती. खोलीभर नकाशे होते. भिंतींवर, दोरीला चिमट्यांनी लटकलेले, पलंगावर पसरलेले. भिंतीला टेलिफोन खात्याची पांढरी डबी. तिच्यापासून निघालेली वायर टेबलावरच्या काळ्या मोडेमपर्यंत, आणि मोडेमवर लाल दिव्यांची एक ओळ. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र नाही, चौकट नाही. नुसत्या काळ्याभोर पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं भराभरा वर सरकत होती.

सरळ माणसाचा कॉम्प्युटर असा दिसतो का?

"हे काय चालू आहे?" तिने शक्य तितक्या निरागसपणे विचारलं.

"लिनक्स," टेबलाखालून आवाज आला. "कॉम्प्युटर चालवणारी, युनिक्सच्या घराण्यातली सिस्टिम. फुकट मिळते."

"फुकट?" एवढा शब्द तिच्या कानांनी बरोबर टिपला.

"अहो, चोरून नाही! लिहिणाऱ्यांनीच वाटून टाकलीय. कुणीही उघडून आत बघू शकतं." तो बाहेर आला. केसांत जळमट, कपाळावर धुळीचा पट्टा, आणि डोळे... डोळे मात्र लख्ख होते. तिने ते लगेच संशयाच्या बाजूला नोंदवले. लबाड माणसांचे डोळे बहुधा चांगलेच असतात. "आता या सिस्टिमची आणि या आयएसडीएन, म्हणजे वेगवान लाइनच्या, मोडेमची मैत्री करून द्यायची आहे. तीन आठवडे झाले. दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत."

"आणि जमलं तर कुणाला फोन लावणार?"

"छापखान्याला. दीडशे मैलांवर आहे. माझ्या नकाशांच्या फाइली अवाढव्य असतात, साध्या टेलिफोनवरून एक नकाशा जायला दोन-दोन तास लागतात." तो हसला. "टाइपिंग करायला आलेल्या मानाने प्रश्न फार विचारता तुम्ही."

"उत्तरं पटापट मिळतात म्हणून."

"मग विचारा की अजून. एवढ्या आवडीने तर आमच्या मोडेमचं कुणी ऐकूनसुद्धा घेतलं नाही कधी."

ती उत्तर देणार तेवढ्यात आतल्या खोलीतून जाड चष्म्याच्या एक बाई आल्या. त्याच्या आत्या. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आता भाच्याच्या शालेय नकाशासंग्रहासाठी गावांची आणि नद्यांची यादी टाइप करणाऱ्या.

"ही कोण रे?" त्या म्हणाल्या. "ती टाइपिंगवाली मुलगी तर परवा येणार आहे."

शंकाने वायर खाली ठेवली, पर्स उघडली आणि ओळखपत्र पुढे केलं.

त्याने ते वाचलं. मग तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांतला तो लख्खपणा कुणी दिवा मालवावा तसा गेला.

"म्हणजे अर्धा तास तुम्ही माझ्यावर पाळत ठेवून होतात," तो म्हणाला. "माझ्याच घरात. माझीच वायर धरून."

तिने ओळखपत्र परत घेतलं. "तुम्ही विचारलं नाहीत."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत."

तिने फाइल उघडली. कामाचं बोललेलं बरं असतं. "तीनशे बारा फोन झालेत या लाइनवरून. छापखान्याचाच नंबर आहे हा?"

"हो, पण... तीनशे बारा? मी फार तर तीस वेळा प्रयत्न केला असेल!"

"सकाळी सहाला? तुम्ही घरात नसताना? भर दुपारी दर दहा मिनिटांनी?"

"मी नाही केले."

"मग कुणी केले? भुताने?"

"माहीत नाही!" तो चिडला होता. "हे बघा मॅडम, तीन वर्षं खपून हा नकाशासंग्रह केलाय. दहा तारखेच्या आत सगळे नकाशे छापखान्यात पोहोचले नाहीत, तर माझ्या जागी दुसरं पुस्तक चढणार आहे छपाईला. मी असले फोन करत बसेन?"

सगळे असंच म्हणतात, तिने मनात म्हटलं. मोठ्याने म्हणाली, "शुक्रवारी मी अहवाल देईन. तोपर्यंत कारण सापडलं नाही, तर सोमवारी लाइन बंद होईल."

जिना उतरताना तिला स्वतःचा राग येत होता. का, ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती एक्स्चेंजमध्ये त्या लाइनवर नजर लावून बसली. दहा वाजून चार मिनिटं, फोन गेला. चार सेकंद. तुटला. दहा चौदा. पुन्हा. प्रत्येक वेळी यंत्रणा फोन तुटण्याचं कारण आकड्यात नोंदवत होती आणि आकडा एकच होता, अठ्ठ्याऐंशी. तिने नियमांचं जाडजूड पुस्तक काढून त्याचा अर्थ पाहिला. खुणेचे फोन करणाऱ्याच्या लाइनवर हा आकडा कधीच येत नसे. खुणेचा फोन माणूस स्वतः तोडतो. हे फोन समोरून नाकारले जात होते.

म्हणजे तो खरं बोलत होता? की खरं बोलण्याचं सोंग इतकं बेमालूम होतं?

गुरुवारी ती पुन्हा त्याच्या दारात उभी राहिली. आज त्याने हसून स्वागत केलं नाही. नुसता बाजूला झाला.

"आज ओळखपत्र आधी दाखवणार, की नंतर?"

"आज मी तुम्हाला बाहेर बसवणार आहे," ती म्हणाली. "जिन्यात. माझ्यासमोर, हात दिसतील असे."

"बेड्या आणल्यात का?"

"लागल्या तर मागवीन."

आत्यांनी दोघांना चहा दिला. दोघंही जिन्याच्या पायरीवर बसली, दार सताड उघडं, आतला मोडेम समोर दिसत होता. त्याचे दोन्ही हात कपाभोवती. ती त्या हातांकडे बघत होती. कर्तव्य म्हणून. बोटं लांब होती, नखांच्या कडांना निळी शाई होती... तिने नजर मोडेमकडे वळवली.

"तुम्ही सगळ्यांकडेच असं बघता?" त्याने हळूच विचारलं.

"कसं?"

"आत्ता खिशातून काहीतरी पडेल असं."

"बहुतेकांच्या पडतं."

"माझ्या खिशात रबर आणि शिसपेन्सिल आहे. आधीच कबूल करतो."

तिला हसू येणार होतं. नेमके तेव्हाच मोडेमवरचे लाल दिवे फडफडले. एक, दोन, तीन, चार... आणि विझले. दोघंही ताडकन उठली. चहा सांडला, कुणाचा ते कुणी पाहिलं नाही.

"बघितलंत?" तो ओरडला. "माझे हात इथे होते!"

"बघितलं," ती म्हणाली. आणि मग जरा खालच्या आवाजात, "तुम्ही नाही करत."

एवढं साधं वाक्य. पण दोन वर्षांत तिने कुणाला ते म्हटलं नव्हतं.

मग मात्र तिच्यातली चौकशीवाली पेटून उठली. तिने एकेक वायर काढायला सुरुवात केली. ही काढली, दहा मिनिटं थांबली. दिवे लागले. ती काढली, दहा मिनिटं थांबली. पुन्हा लागले. शेवटी राहिली ती आतल्या खोलीत जाणारी वायर. ती काढली आणि अर्धा तास मोडेम गुपचूप बसला.

"ही कुणाकडे जाते?"

दोघांनी एकदमच आत पाहिलं. आत्या टाइप करता करता थांबल्या. "म्हणजे? आता माझ्यावर संशय? तीस वर्षं मुलांच्या कॉप्या पकडल्यात मी!"

"आत्या, तुझ्यावर नाही, तुझ्या कॉम्प्युटरवर," त्याने कपाळावर हात मारून घेतला. "तो चालू असला की दर दहा मिनिटांनी तारेवरून हाक मारतो, अमुक नावाचं कुणी आहे का? आणि माझं हे आज्ञाधारक लिनक्स! कुणाला तरी बाहेर जायचंय असं समजून लगेच छापखान्याला फोन लावतं!"

त्याने पांढऱ्या अक्षरांत एक नियम लिहिला. त्या कॉम्प्युटरच्या असल्या हाका बाहेर नेऊ नकोस. वायर पुन्हा जोडली. अर्धा तास गेला. दिवे लागले नाहीत.

शंकाची चौकशी संपली होती. फाइल बंद करून निघायचं, एवढंच उरलं होतं. पण तो खुर्चीत खांदे पाडून बसला होता.

"नको ते फोन थांबले," तो म्हणाला, "पण हवा तो लागतच नाही. मोडेम नुसतं सांगतो, संपर्क तुटला. का तुटला ते सांगत नाही. उद्या नऊ तारीख."

एक्स्चेंजमधली तांत्रिक नोंद ग्राहकाला सांगायची नाही, हा नियम होता. त्याच्यावर तिची सही होती. साहेबांना कळलं असतं तर पुढच्या महिन्यातली बढती गेली असती. ती फाइलची दोरी बांधत राहिली, सोडत राहिली, पुन्हा बांधत राहिली.

"समजा," ती भिंतीवरच्या नकाशाकडे बघत म्हणाली, "मी काही सांगत नाहीये हं. पण समजा, कुणाचा फोन अठ्ठ्याऐंशी नंबरच्या कारणाने तुटत असेल..."

"म्हणजे?"

"म्हणजे फोन पोहोचतो. लाइन ठीक आहे, नंबर ठीक आहे. पण तुमचा मोडेम ज्या पद्धतीने बोलू म्हणतो, ती समोरच्याला चालत नाही."

त्याने खुर्ची पुढे ओढली. मग एकदम मोडेमच्या पुस्तकावर तुटून पडला. पानं फडफडली. "पद्धत! हा मुळात दुसऱ्याच पद्धतीवर लावून येतो... बदलायची आज्ञा... कुठे आहे... ही बघा! एक अक्षर, एक आकडा. बस!"

त्याने ते टाइप केलं. फोन लावला. पहिला दिवा लागला. दुसरा.

"एक," ती पुटपुटली. "दोन... तीन... चार..."

चार सेकंद झाले. दिवे तसेच.

"पाच," तो म्हणाला.

"सहा," दोघं एकदम म्हणाली. सात... आठ... नऊ... बाराव्या सेकंदाला पडद्यावर छापखान्याचं नाव उमटलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपण त्याची बाही मुठीत गच्च धरली आहे. तिने ती घाईघाईने सोडली. त्याने बाही नीट केली नाही. तशीच चुरगळलेली राहू दिली.

शुक्रवारी तिने अहवाल लिहिला. 'यंत्रातील दोष. दुरुस्त झाला. गैरवापर नाही.' एक प्रत ग्राहकाला पाठवली. नकाशे दहा तारखेच्या आत पोहोचले असणार, कारण नऊ तारखेला त्या लाइनवर एकच फोन झाला होता. अखंड, साडेसहा तासांचा. तो चालू असेपर्यंत ती जेवायलासुद्धा उठली नाही.

मग सगळं थंड झालं. त्या घरी जायला कारण उरलं नाही, आणि कारणाशिवाय कुठे जायची तिची सवय मोडली होती.

दहा-बारा दिवस गेले. आणि एका सकाळी तिच्या टेबलावरचा फोन वाजला. तिने उचलला. "हॅलो?" पलीकडे कुणी बोललं नाही. श्वास ऐकू आला... आणि फोन ठेवला गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. नेमका सव्वाअकराला.

तिने नोंद काढली. लाइन त्याचीच होती.

मोडेम पुन्हा बिघडला? पण हे मोडेमचे फोन नव्हते, साधे बोलण्याचे होते. आणि यंत्राचा फोन दर वेळी सारखा असतो. हे फोन कधी सहा सेकंदांचे, कधी अकरा, कधी नऊ. कुणीतरी धीर गोळा करत होतं, आणि दर वेळी तो अपुरा पडत होता.

सातव्या दिवशी तिने कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि निघाली. वाटेत दुकानाच्या काचेत स्वतःला पाहून केस सारखे केले. मग चिडून पुन्हा विस्कटले. आज पहिल्यांदाच तिला वाटत होतं, की आपला संशय खरा निघावा.

त्याने दार उघडलं. तिला पाहून इतका गोंधळला की 'या' म्हणायचंही विसरला.

"सात दिवस," तिने कागद त्याच्यापुढे धरला. "सात फोन. माझ्या टेबलावर. बोलायचं नसेल तर करता कशाला?"

त्याने कागद वाचला. पुन्हा वाचला. "हे मी नाही केले."

"सव्वाअकराला—"

"सव्वाअकराला मी रोज पोस्टात असतो. खरंच."

"पुरावा?"

"पुरावा... नाही."

त्याने फोन केल्याचं तिला वाईट वाटलं नव्हतं. पण तोंडावर नाकारणं? पुन्हा तेच? म्हणजे हाही त्यातलाच. तिने कागदाची घडी घातली. नीट, कडेला कड लावून.

"ठीक आहे," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "माझीच चूक झाली."

ती वळली. दोन पायऱ्या उतरली.

"थांब गं!" आत्या धावत बाहेर आल्या, चष्मा हातात, चेहरा लाल. "ते फोन मी केले."

शंका पायरीवरच मागे वळली.

"अहवालावर तुझा नंबर होता," आत्या म्हणाल्या. "म्हटलं, एकदा चहाला बोलवावं. हा पोस्टात गेला की लावायचे. पण तू उचललंस की काय बोलू तेच सुचेना. 'आमचा भाचा खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत असतो' असं काही सांगता येतं का फोनवर?"

"आत्या!"

"काय आत्या? तू तर ह्या जन्मात करणार नव्हतास फोन!" असं म्हणून त्या आत गेल्या, आणि आपण ऐकत नाही हे कळावं म्हणून टाइपरायटर बडवावा तसा कीबोर्ड बडवू लागल्या.

आता जिन्यात दोघंच उरली. शंकाच्या लक्षात यायला लागलं, की आपण काय करून बसलो. कुणी कबुली द्यावी म्हणून ती एवढ्या लांब आली होती, आणि कबुली तिचीच झाली होती. तिने कठडा घट्ट धरला.

"मी चिडले होते ते..." ती म्हणाली, "फोनमुळे नाही. तुम्ही खोटं बोलताय असं वाटलं म्हणून."

"मला कळलं." तो एक पायरी खाली आला. "खरं सांगू? फोन नाही केला, पण त्याहून वाईट विचार केला. रोज सकाळी कॉम्प्युटर लावला की वाटायचं, तो नियम पुसून टाकावा. म्हणजे पुन्हा तीनशे फोन जातील, साहेब चिडतील... आणि तुम्हाला पाठवतील."

"मग पुसला का नाहीत?"

"तुम्ही आला असता, वायरी तपासल्या असत्या आणि मी मुद्दाम केलंय हे पाच मिनिटांत ओळखलं असतं. मग तुम्ही माझ्याकडे जसं बघितलं असतं..." तो थांबला. "ते मला नको होतं. तुम्ही यावं, पण खोट्याने नको. आणि खरं सांगून बोलवायचं, तर भीती वाटत होती."

ती त्याच्याकडे बघत राहिली. या वेळी कर्तव्य म्हणून नव्हे.

"मलाही यायचं होतं," ती म्हणाली. "कारण सापडत नव्हतं."

"आणि आता?"

"आता दोन वाजेपर्यंत परत पोहोचायचंय."

"मी येतो सोडायला."

ती दोघं लांबच्या रस्त्याने गेली. वाटेत तिने त्याला वाढदिवसाच्या त्या फोनची गोष्ट सांगितली. आजवर बाहेरच्या कुणालाच सांगितली नव्हती. तो मध्ये बोलला नाही, 'मी तसा नाही' असंही म्हणाला नाही. फक्त चालण्याचा वेग तिच्यासारखा करून घेतला. बाजूने सायकली गेल्या, शाळेची बस गेली, झाडांच्या सावल्या अंगावरून सरकल्या. दोनदा त्यांचे हात एकमेकांना लागले. तिसऱ्यांदा कुणी बाजूला घेतला नाही.

एक्स्चेंजच्या फाटकाशी तो घुटमळला. शर्टाची कॉलर सारखी केली, खोकला, आणि विचारलं, "उद्या... फोन करू?"

"नको," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. तिने तो क्षणभर पडू दिला. तेवढा खोडकरपणा तिच्यात शिल्लक आहे, हे तिलाही आजच कळत होतं.

"साडेपाचला सुटते मी," ती म्हणाली. "फोन न करता या."